घरचा माणूस मुखपृष्ठावर

"बावीस वर्षं लोकांच्या बायका छापल्या. आता एकदा घरचा माणूस छापा," असं कुसुमताई म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर तांदूळ निवडायचं ताट होतं आणि गोपाळरावांना जाऊन पंधरवडा उलटला होता.

वाक्य लेकीला, सुहासिनीला, उद्देशून होतं, कारण छापणारा माणूस आता घरात नव्हता. गोपाळरावांनी दिवसा नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीचा पत्रव्यवहार सांभाळला आणि संध्याकाळी 'चित्रझुला' नावाचं सिनेमाचं मासिक चालवलं. पेढीनं त्यांना दोन वर्षांपूर्वी हार घालून निरोप दिला होता. मासिकातून निवृत्त व्हायला मात्र त्यांना सवड मिळाली नाही. पुढच्या अंकाची जुळवाजुळव टेबलावर तशीच पडून होती, आणि त्या ढिगावर त्यांचं भिंग उपडं ठेवलेलं होतं.

"एकच अंक काढ," कुसुमताई म्हणाल्या. "शेवटचा. दसऱ्याला त्यांनी पहिला काढला होता, दसऱ्यालाच हा निघू दे. आणि वर ते."

सुहासिनी मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकांचं तिला कळत होतं, निदान तिची तशी समजूत होती. एक अंक, एक फोटो, दीड महिना हातात. दोन रविवारचं काम आहे, असं तिनं मनाशी ठरवलं. त्यानंतरचे सगळे रविवार, अर्जित रजा आणि बराचसा स्वाभिमान त्या कामात खर्ची पडणार आहे, हे तिला कोणी सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, कारण तिनं त्याच रात्री मुखपृष्ठाचा आराखडा काढला आणि तो तिला फार आवडला.

आराखडा असा होता: सगळं पान पांढरं. मध्यभागाच्या जरा खाली बाबांचा फोटो, पोस्टकार्डाएवढा. वर बारीक अक्षरांत मासिकाचं नाव. बाकी काही नाही. कॉलेजात चित्रकलेवरची काही परदेशी पुस्तकं आली होती, त्यांची वेष्टनं अशी असत. कमी बोलून जास्त सांगणारी. बाबांना एवढी शांत जागा आयुष्यात कोणी दिली नव्हती.

शेजारचे भैयाजी रेल्वेच्या बुकिंग खिडकीवरून निवृत्त झाले होते, आणि खिडकी गेल्यापासून समोर येईल त्याला माहिती देत. त्यांनी आराखडा हातभर लांब धरून पाहिला.

"सुहास वं, हे पांढरं काहून सोडलं?"

"तसंच ठेवायचं आहे, भैयाजी."

"पांढरं मुखपृष्ठ म्हणजे न छापलेलं मुखपृष्ठ. लोक म्हणतील, माणूस गेला अन् शाईही गेली." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "फोटो पाहिजे असला तर माझ्याकडे आहे. रामटेकच्या सहलीचा. मस्त आला आहे."

तो फोटो त्यांनी तत्परतेनं आणून दिला. त्यात भैयाजी मस्त आले होते. गोपाळराव त्यांच्या मागे होते. त्यांचा एक कान आणि चहाचा कप दिसत होता.

फोटोचा प्रश्न खरा होता. बावीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांचे चेहरे भिंगातून तपासले, त्याचा स्वतःचा धड फोटो घरात नव्हता. लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्या होत्या. पासाला लावलेला होता, त्यावर शिक्क्याची अर्धी कड होती. शेवटी सापडला तो पेढीच्या निरोप समारंभातला. बाबा डावीकडे मान वळवून, अर्धवट हसत पाहत होते. डाव्या गालावरचा तीळ स्पष्ट, खिशाला पेन. अडचण एकच, गळ्यात झेंडूचा हार होता, आणि पेढीनं तो कापडाच्या गठ्ठ्याच्या मापानं आणला असावा.

"हाच," कुसुमताई म्हणाल्या. "इथे मी उभी होते, फोटोवाल्याच्या बाजूला. पेढ्यांचा डबा घेऊन. ते माझ्याकडे पाहताहेत."

एवढ्यावर खरं म्हणजे काम संपायला हवं होतं.

पण आधीचा प्रकाशक वारला की नव्यानं अधिकाऱ्यासमोर जबानी द्यावी लागते, असं कळलं, म्हणून सुहासिनी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं कागद उलटसुलट पाहिले.

"जुन्या प्रकाशकाची संमती लागेल."

"ते वारले आहेत."

"ते दिसते आहे. पण त्यांनी हरकत असल्याचं काही लेखी कळवलं नाही ना?"

"नाही."

"मग ठीक." त्यानं तशी नोंद केली. ती नोंद करताना त्याच्या चेहऱ्यावर कुठेही काही हललं नाही. मग सहज, नुसतं बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "यावेळी वर कोण आहे? आमच्या घरी येते चित्रझुला."

"माझे वडील."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "सिनेमाच्या मासिकावर?"

"त्यांचंच मासिक आहे."

"मालकी त्यांची, ताई. स्वरूप सिनेमाचं. इथे लिहिलं आहे, चित्रपटविषयक. उद्या वर गृहस्थाचा फोटो आला म्हणजे मासिकाचं स्वरूप बदललं. स्वरूप बदललं की नवा अर्ज. नवा अर्ज आला की दिल्ली. दिल्ली म्हणजे होळी धरून चाला." सुहासिनीचा चेहरा पाहून तो मवाळ झाला. "असं करा, बाजूला एखादी नटी ठेवा. म्हणजे आम्हाला काही बोलता येत नाही."

सुहासिनी कचेरीच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या पांढऱ्या पानाचा उजवा अर्धा भाग सरकारजमा झालेला होता.

सिनेमाच्या मासिकाचं मुखपृष्ठ ही दुरून मोकळी जागा वाटते. प्रत्यक्षात तो शहरातला सर्वांत दाटीचा प्लॉट असतो, आणि त्यावर कोणाचा किती हक्क हे फार आधी ठरून गेलेलं असतं. कोणाच्या हक्काचं काय हे सातबाऱ्यावर नसतं, लोकांच्या तोंडात असतं. सुहासिनीच्या दुर्दैवानं प्रत्येकाच्या तोंडात ते बाबांच्या आवाजात होतं.

उदाहरणार्थ बळीराम. सीताबर्डीवर त्याचा मासिकांचा ठेला, आणि आसपासच्या गावांना अंक त्याच्याच हातून जात. त्याला न विचारता काढलेला अंक घरीच वाचावा लागतो, म्हणून ती त्याच्याकडे गेली. बळीरामनं फोटो पाहिला, कपाळाला लावला आणि परत दिला.

"गोपाळभाऊ देवमाणूस. पण हे चालत नाही, ताई."

"बाईचाच चेहरा लागतो, माहीत आहे. नटी घालते आहे मी बाजूला."

"माणूस चालते. मेलेला चालत नाही. हार पाहा ना." त्यानं बोट ठेवलं. "हारवाला फोटो कोणी विकत घेत नाही. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचे त्याचे असतात."

तिनं फोटो पिशवीत ठेवायला घेतला.

"चित्रझुला लोक वाचायले थोडी घेतात," बळीराम समजुतीनं म्हणाला. "वाचतात बी, नाही म्हणत नाही मी. पण घेतात ते मुखपृष्ठ कापून भिंतीले लावायले. पानठेला, सलून, पोरींच्या पेट्या. गोपाळभाऊच सांगत, बळीराम, आपण भिंतीसाठी छापून राहिलो, विसरू नको. काळी चौकट नको, हार नको, 'कैलासवासी' तर नकोच नको. ते आत टाका, पहिल्या पानावर. अन् भाऊले डावीकडे घ्या."

"डावीकडे का?"

त्यानं ठेल्याकडे हात केला. अंक एकावर एक सरकवून लावलेले होते, पत्ते पिसून पसरावेत तसे. प्रत्येकाची फक्त डावी पट्टी दिसत होती. "जो उजवीकडे गेला तो झाकला गेला. नटी झाकली तर झाकू द्या. भाऊ नाही झाकायचे."

शेवटचं वाक्य तो ज्या रीतीनं म्हणाला त्यामुळे सुहासिनीनं वाद घातला नाही. बाबा डावीकडे गेले. आराखड्यातली शांत मधली जागा आता राहिली नाही, पण डावीकडे ते निदान दिसणार होते.

नत्थूजींचं ब्लॉकचं दुकान आणि छापखाना गांधीबागेत, कापडाच्या दुकानांमागच्या बोळात होता. फोटोवर हातानं रंग भरायचे, त्यावरून तीन रंगांचे ब्लॉक, म्हणजे जस्तावर कोरलेले ठसे, करायचे आणि छापायचं, हे सगळं एकाच छताखाली, बहुतेक एकाच स्टुलावर बसून चाले. दसरा तोंडावर होता. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी पुस्तिका, चित्रं, गीतांच्या चोपड्या, यांचे गठ्ठे दारापर्यंत आले होते, आणि नत्थूजी त्यांतून डोकं वर काढून बोलत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली त्याच मैदानावर दीक्षा घेतली होती; दसऱ्याचं काम हे त्यांना काम वाटत नसे आणि बाकी सगळं काम त्या दिवसांत अडथळा वाटे.

"हार काढायचा आहे," सुहासिनी म्हणाली.

"काढतो. पण हाराखाली सदरा नाही."

"म्हणजे?"

"फोटोत नाही जी. हार खोडला तर तिथं भोक पडते. काहीतरी टाका लागीन."

"काहीतरी साधं टाका."

"साधंच टाकतो."

पुढच्या खेपेला तिला साधेपणा पाहायला मिळाला. हाराच्या जागी गळ्यात एक रेशमी रुमाल आला होता, ठिपक्यांचा, एका बाजूला गाठ मारलेला. त्या वर्षी पडद्यावरचा प्रत्येक नायक तसा रुमाल बांधत होता. ज्या माणसानं जन्मभर मफलरलासुद्धा चैन म्हटलं, तो आता मोटारसायकलवरून उतरल्यासारखा दिसत होता.

"नत्थूजी, हे काय आहे?"

"झेंडूचा आकार तसाच ठेवला, ताई. वाया काही जाऊ दिलं नाही."

तो काढा, असं तिनं तीन वेगवेगळ्या रीतींनी सांगितलं. पण नत्थूजींनी तोवर निगेटिव्ह घेतली होती, जस्तावर ब्लॉक कोरून झाला होता, आणि कोरलेल्या जस्ताशी बोलायची सोय अजून निघालेली नाही. त्यांनी काळ्या शाईतलं एक प्रूफ तिच्या हाती ठेवलं. पानाच्या उजव्या बाजूला, बाबांच्या खांद्याला रेलून, कुमारी मधुलता उभी होती. तिचा ब्लॉक सिनेमाच्या वितरकाकडून दर महिन्यासारखा आपोआप आला होता. तिचा सिनेमा दिवाळीत लागायचा होता.

खाली एक पट्टा रिकामा होता.

"ही जागा रिकामीच राहू द्या," सुहासिनी म्हणाली. एवढा एक पट्टा तरी तिच्या आराखड्यातला वाचला होता.

प्रूफ घरी आणल्यावर कुसुमताईंनी चष्मा लावला. प्रूफ त्यांनी उजेडाकडे धरलं. रुमालाबद्दल बोलतील अशी सुहासिनीची तयारी होती.

"तीळ कुठे गेला?"

"आहे की."

"हा उजव्या गालावर आहे. यांचा डाव्या गालावर होता." त्यांनी कागद जवळ घेतला. "आणि पेन उजव्या खिशाला. असा खिसा कोण शिवतं?"

सुहासिनीनं मूळ फोटो शेजारी ठेवला. बाबा उलटे झाले होते. आरशात दिसावेत तसे.

"आणि पाहताहेत कुठे हे?" कुसुमताई म्हणाल्या. "माझ्याकडे पाहत होते. आता त्या बाईकडे पाहताहेत."

हे खरं होतं. मान उजवीकडे वळली होती आणि उजवीकडे मधुलता होती. निरोपाच्या दिवशी बायकोकडे पाहून आलेलं ते अर्धवट हसू आता पुरतं मधुलतेच्या पदरात पडत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती पुन्हा गांधीबागेत.

"उलटा केला म्हणजे काय, उलटाच करा लागते," नत्थूजी म्हणाले. "डावीकडे शिवण असते. चेहरा शिवणीकडे पाहत असला तर पाहणारा बाहेर निघून जाते. चेहरा उघडणाऱ्या बाजूले पाहिजे, म्हणजे माणूस पान उलटवते. भाऊंचाच नियम. कुठली नटी त्यांनी सोडली? उलटी करत. तीळ बी फिरवत. एका नटीचा तीळ साऱ्या देशात डाव्या गालावर अन् नागपुरात उजव्या. लोक भांडत पानठेल्यावर."

"पण हे स्वतः बाबा आहेत."

"मंग त्यांच्यासाठी त्यांचाच नियम मोडू मी?"

सुहासिनीनं वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत याला उत्तर कुठे तरी असणार. तिला ते त्या बोळात आठवलं नाही. अशा पेचात तिला आजवर एकाच माणसाला विचारायची सवय होती, आणि तो माणूस जस्तावर उलटा कोरला जाऊन मधुलतेकडे पाहत होता. तिनं प्रूफावर सही केली. घरी येऊन तिनं आईला सांगितलं की, वेळ उरला नाही. कुसुमताई "बरं" म्हणाल्या. ते "बरं" तिला पुढे बरेच दिवस पुरलं.

अंक दसऱ्याच्या आदल्या दिवशी निघाला. थेट छापखान्यातून ठेल्यावर गेला, कारण नत्थूजींच्या दारात गठ्ठा ठेवायला जागा नव्हती. कॉलेज सुटल्यावर सुहासिनी सीताबर्डीवर पोचली तेव्हा रस्ता बाहेरगावच्या लोकांनी फुलून गेला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, खांद्यावर झोपलेली लेकरं, पुस्तिकांचे स्टॉल. त्या गर्दीतून तिला लांबून ठेला दिसला आणि ती थांबली.

बळीरामनं सगळी फळी चित्रझुलाला दिली होती. अंक एकावर एक सरकवलेले. डावी पट्टी तेवढी उघडी. वरपासून खालपर्यंत बाबा, बाबा, बाबा. मधुलता कुठेच दिसत नव्हती. सुहासिनी त्या फळीकडे पाहत उभी राहिली, आणि क्षणभर तिला वाटलं की जमलं. रुमाल, तीळ, सगळं धरून जमलं.

मग ती जवळ गेली.

बाबा गुलाबी होते. नुसते गुलाबी नव्हे, लाजल्यासारखे. निळी शाई दसऱ्याआधी गांधीबागेत मिळत नाही, कारण ती सगळी दीक्षाभूमीच्या निळ्या कामांना जाते, आणि नत्थूजींनी उरलेली पातळ करून वापरली होती. निळं कमी पडलं की लाल आणि पिवळं बोकाळतात. बाबांचे गाल, ओठ, कानाच्या पाळ्या, सगळं बहरलं होतं. तिनं एक अंक ओढून काढला. उजवीकडून मधुलता बाहेर आली, खांद्याला रेललेली. आणि खालच्या रिकाम्या पट्ट्यात, जिथे काहीही नको असं तिनं स्वतः सांगितलं होतं, तिथे ठसठशीत लाल अक्षरांत एक ओळ होती.

'दोघांत नेमके काय आहे?'

ही ओळ तिला माहीत होती. ती जवळजवळ दर अंकावर असे. नाव कोणाचंच न घेता ती सर्वांना लागू पडते आणि कोणी कोर्टात जात नाही, म्हणून बाबांनी ती पसंत केली होती. नत्थूजींकडे तिचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, दोऱ्यानं बांधून कायमचे फळीवर ठेवलेले असत. पट्टा रिकामा दिसला, ताई विसरल्या असाव्यात, भाऊंनी कधी रिकामी जागा सोडली नाही, असा विचार करून त्यांनी दोरा सोडला होता.

"बळीराम," ती फळीवर हात ठेवून म्हणाली, "हे सगळे काढ."

"काढू कायले? संपून राहिले." त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला अंक दिला. गिऱ्हाईक कामठीकडचं होतं, हातमागाचा गठ्ठा बगलेत.

"हा हिरो कोण आहे गा?" त्यानं विचारलं. "नवा दिसते. वय जरा जास्त आहे."

"बंगालचा आहे," बळीराम म्हणाला.

गिऱ्हाईक बाबांकडे नीट पाहून म्हणालं, "चेहरा चांगला आहे. भला माणूस वाटते." आणि अंक गठ्ठ्यात खोचून निघून गेलं.

सुहासिनीनं पेढीवरच्या मुनीमजींपासून स्वतःच्या प्राचार्यांपर्यंत, तो अंक ज्यांच्या हाती पडू शकेल अशा सगळ्यांचे चेहरे एकदा डोळ्यांसमोरून जाऊ दिले. प्राचार्यांना तिनं आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं की वडिलांच्या स्मरणार्थ एक साधासा, संयत अंक काढते आहे. एक प्रत अवश्य द्या, असं त्या म्हणाल्या होत्या.

घरी तिनं अंक आईपुढे ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. पाणी पिऊन झालं तरी ती आतच उभी राहिली. शेवटी ती आली तेव्हा कुसुमताई अंक दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

"दोघांत नेमके काय आहे," त्यांनी सावकाश वाचलं. "विचारा म्हणावं. मलाही कळू दे."

त्यांच्या खांद्यांची हालचाल पाहून सुहासिनी घाबरून पुढे झाली. कुसुमताई हसत होत्या. गेल्या दोन महिन्यांत घरात हा आवाज झाला नव्हता, त्यामुळे तो ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"पण तीळ तेवढा चुकला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "हे काही ते नव्हेत." आणि अंक त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. भिंतीवर नाही, देवाजवळ नाही. साड्यांखाली.

तेव्हा सुहासिनीला कळलं की हसू वेगळं आणि समाधान वेगळं. आईनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती उलटी मिळाली होती.

भैयाजींनी तीन प्रती घेतल्या. "गोपाळराव शोभून राहिले वं," ते म्हणाले. "जिवंतपणी असे दिसते तर पेढीवर कोणी कामच केलं नसतं." मग त्यांनी आठवण करून दिली की रामटेकच्या फोटोत असा काही घोटाळा झाला नसता. बळीरामनं निरोप धाडला की अंक संपला, पुढच्या महिन्यातही तोच हिरो ठेवा, पण नटी बदला. कचेरीतल्या कारकुनानं प्रत पाहून शेरा मारला की स्वरूप चित्रपटविषयकच आहे, हरकत नाही. प्राचार्यांनी मात्र काहीच म्हटलं नाही. फक्त एकदा ग्रंथालयात येऊन त्यांनी सुहासिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या घरचं सगळं ठीक आहे ना, असं फार हळू आवाजात विचारलं. पहिल्या पानावर तिनं लिहिलेला मजकूर होता, चांगला होता, चार वेळा लिहून खोडलेला. तो वाचल्याचं कोणीच बोललं नाही.

माघात कामठीला कुसुमताईंच्या मावसबहिणीकडे बारसं होतं. परतताना दोघी सहा जणांच्या ऑटोत दाटीनं बसल्या होत्या. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी यायची होती, आणि मालगाडी आपल्या सवडीनं येणार होती. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. बाकीचे उतरून पाय मोकळे करू लागले. कुसुमताईही उतरल्या आणि पदर सावरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

समोर एक सलून होतं. दार सताड उघडं. एका भिंतीला खुर्च्या आणि आडवा लांब आरसा, पलीकडच्या भिंतीला सिनेमाच्या मासिकांची मुखपृष्ठं, खालपासून छतापर्यंत चिकटवलेली. बाईमाणसानं सलूनच्या दारात उभं राहून आत पाहायचं नसतं, म्हणून सुहासिनी दुसरीकडे पाहत होती.

"सुहास," कुसुमताई म्हणाल्या. "ते बघ."

आरशात नट्यांची रांग दिसत होती, आणि त्या रांगेच्या मधोमध बाबा होते.

गुलाबी, गळ्यात रुमाल. त्यांच्या शेजारी खिळ्याला एक ओला टॉवेल टांगलेला होता आणि मधुलता त्याच्याखाली पूर्ण झाकली गेली होती. खालची लाल ओळ ओलीनं पुसट झाली होती. वर मासिकाचं नाव आरशात उलटं झालं होतं, वाचता येत नव्हतं. पण तीळ डाव्या गालावर होता. पेन ज्या खिशाला असायचं त्या खिशाला होतं. मान डावीकडे वळलेली. आणि ते पाहत होते दाराच्या त्याच बाजूला, पेढ्यांच्या डब्याऐवजी बारशाच्या घुगऱ्यांची पुडी हातात घेऊन, कुसुमताई उभ्या होत्या.

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा थांबवून बाहेर पाहू लागला. दोन बाया इतक्या टक लावून काय पाहताहेत, हे त्याला कळेना. मग त्यानं आरशात त्यांची नजर पकडली, आणि मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

"तो हिरो बंगालचा आहे, मावशी," तो म्हणाला. "पुढे काही आला नाही त्याचा सिनेमा."

"नाही ना आला," कुसुमताई म्हणाल्या.

"टॉवेल काढू काय? बाजूले नटी आहे."

"राहू द्या," कुसुमताई म्हणाल्या. "टॉवेल बरा आहे."

मालगाडी आली. ती लांब होती, कोळशाची, आणि दोघींपैकी कोणीही तिच्याकडे पाहिलं नाही.